नुसते ओठ हलवा

जालन्याच्या मंडळीतल्या एका बाईचं गाणं मी बंद केलं. भांडून नाही, रागावून नाही. सरावाच्या वेळी हार्मोनियमवरची धूळ फडक्यानं पुसता पुसता, सहज बोलल्यासारखं. त्याला आता इतकी वर्षं झाली की माझ्याशिवाय ते कुणाला आठवत असेल असं वाटत नाही. मला मात्र आठवतं, आणि जसं झालं तसं ते एकदा सांगून टाकायचं आहे.

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मी नगरहून जालन्याला आले. हे तिथल्या एका हायस्कुलात गणित शिकवत. माझे वडील नगरला हेडमास्तर होते. आमच्या घरात पुस्तकांची दोन कपाटं होती, पायपेटी होती, आणि एका मिशनरी बाईंनी मला लहानपणापासून चार आवाजांत, म्हणजे एकच गीत एकाच वेळी चार वेगळ्या सुरावटींत, गायला शिकवलं होतं. हे सांगते ते मोठेपणासाठी नाही. जालन्याच्या स्टेशनावर उतरले तेव्हा मी स्वतःला काय समजत होते, ते कळावं म्हणून सांगते.

चर्चला आम्ही ख्रिस्ती लोक तेव्हा देऊळच म्हणायचो, आणि तिथं जमणाऱ्या सगळ्या माणसांना मंडळी. जालन्याचं देऊळ दगडी, कौलारू, अंगणात दोन कडुनिंब. आत पुढं चार बाकं होती. त्यांवर डॉक्टर, नर्सेस, शाळेतले मास्तर आणि पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, घरची माणसं बसत. बाकांच्या मागं दोन लांब सतरंज्या अंथरलेल्या असत. तिथं दवाखान्यातल्या आया, रेल्वेच्या गँगमनची बायको, घरकाम करणाऱ्या बायका आणि भोकरदनच्या वाटेवरच्या खेड्यांतून एसटीनं येणारी माणसं बसत. राजूरच्या गणपतीची चतुर्थी असली की त्या बाजूच्या एसटीत पाय ठेवायला जागा नसायची. मग ही माणसं उशिरा यायची, उपदेश अर्धा होऊन गेलेला असायचा. पण कुणी मान वळवून बघायचं नाही. सतरंजीवरच्या बायका गुडघे आवरून घ्यायच्या आणि जागा करून द्यायच्या. ते मी पहिल्याच महिन्यात पाहिलं होतं. पाहिलं, पण त्यात काही पाहण्यासारखं आहे असं मला वाटलं नाही.

माझं सगळं लक्ष गाण्याकडं होतं. पहिल्या रविवारी गीत सुरू झालं आणि मी चमकलेच. पाळकसाहेब एका सुरात, बाकं दुसऱ्या, सतरंजी तिसऱ्याच. आणि त्या सगळ्यांच्या वर एक आवाज. पत्र्यावर खडे पडावेत तसा. तो सगळ्यांच्या अर्धी ओळ पुढं धावायचा. बाकीचे ओळीच्या मध्यावर असायचे तेव्हा हा आवाज पुढच्या ओळीत शिरलेला असायचा. मी पदर तोंडाशी धरला. हसू आवरेना.

तो आवाज मावशीचा होता. ती दवाखान्यात आया होती. पन्नाशी ओलांडलेली, उंच, वाळलेली, हिरव्या नाहीतर चॉकलेटी नऊवारीत. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. सगळी मंडळी तिला मावशीच म्हणायची. त्या संध्याकाळी मी धाकट्या बहिणीला पत्र लिहिलं आणि त्यात मावशीच्या गाण्याचं दीड पान वर्णन केलं. पत्र इतकं विनोदी झालं होतं की बहिणीनं ते घरात सगळ्यांना वाचून दाखवलं.

आम्ही नव्या घरात राहायला गेलो तेव्हा रांजण भरलेला होता. नळ दोन दिवसांआड यायचा, मग पाणी कुणी भरलं? मी विचारलंसुद्धा नाही. चूल सारवलेली होती. कोपऱ्यात गोवऱ्या रचून ठेवलेल्या. हायस्कुलातल्या मास्तरांच्या बायकोसाठी लोक एवढं करणारच, असं मी धरून चालले होते. तिसऱ्या दिवशी मावशी आली. फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी आणि वर लाल मिरचीचा ठेचा.

"नवी जागा हाय. चूल लवकर पेटत न्हाई," ती म्हणाली. "आजच्या दिस हेच्यावर भागवा."

मी हसून घेतलं. ती गल्लीच्या वळणावर गेली तसं ते फडकं झाडू मारायला येणाऱ्या बाईच्या हातात दिलं. आम्ही सकाळी पोळ्या खात होतो. पण खरं कारण पोळ्या नव्हत्या. माझे आजोबा गावकुसाबाहेरच्याच घरातून आले होते. त्यांना मिशनच्या शाळेनं उचललं नसतं तर मीही तशाच भाकरी थापत राहिले असते, हे मला चांगलं माहीत होतं. दोन पिढ्यांच्या शिक्षणानं आम्ही तिथून लांब आलो होतो, आणि ती भाकरी हातात घेतली की ते अंतर कमी होतं असं मला वाटलं असावं. तेव्हा मी हे असं मनातही बोलले नसते.

त्या वर्षी नोव्हेंबरात पाळकसाहेब घरी आले. साधा माणूस, बोलताना हातातली टोपी फिरवत राहायचा.

"बाई, नाताळला यंदा बिशपसाहेब यायचेत," ते म्हणाले. "आमचं गाणं तर तुम्ही ऐकताच. जरा बसवून द्याल का?"

मी याचीच वाट पाहत होते. तीन नर्सेस, शाळेतल्या दोन शिक्षिका, आणि एक शिंपी, ज्याचा आवाज खर्जातला होता, अशी माणसं मी निवडली. देशी चालींची गीतं बाजूला ठेवली आणि अवघड विलायती चाली घेतल्या. रोज संध्याकाळी पाचला सराव. दुसऱ्या दिवशी पाहते तर मावशी येऊन उभी. तिला कुणी बोलावलं नव्हतं. पण मंडळीचं गाणं म्हटल्यावर आपल्याला वेगळं बोलवावं लागतं, हे तिच्या डोक्यातच आलं नसावं. ड्यूटी संपवून ती सरळ येई, लुगड्याला फिनेलचा वास असे, आणि शिंप्याच्या पुढं उभी राहून सगळ्यांच्या आधी गीत सुरू करी.

तीन-चार दिवस मी कसंबसं सोसलं. नर्सेसना तिच्यामुळं ताल सापडेना. पाचव्या दिवशी सराव संपल्यावर मी तिला थांबवलं. इतर अजून तिथंच होते.

"मावशी, एक सांगू का?"

"सांगा की मास्तरीणबाई."

"तुम्ही नुसते ओठ हलवा. आवाज काढू नका."

एक नर्स खाली बघायला लागली. दुसरी हसली, कारण मी हसले होते. मावशीनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. डॉक्टरांनी औषध कसं द्यायचं ते सांगावं आणि तिनं नीट ध्यानात ठेवावं, तसं.

"बराबर हाय," ती म्हणाली. मग म्हणाली, "नाताळापुरतं, का कायमचं?"

मी फडक्यानं पेटीवरची धूळ पुसत होते. घाईत होते. मान वर न करता म्हणाले, "कायमचंच बरं."

"बरं," ती म्हणाली, आणि चप्पल पायात सरकवून गेली.

नाताळ फार छान झाला. बिशपसाहेबांनी भर सभेत सांगितलं की असं गाणं त्यांनी मराठवाड्यात ऐकलं नव्हतं. अंगणात चहा-करंज्या झाल्या, लोक येऊन माझ्या हातात हात देत होते, हे बाजूला उभे राहून बघत होते. मावशी गायकांच्या दुसऱ्या रांगेत उभी होती. सांगितल्याप्रमाणं तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत ओठ हलवले, एकही शब्द न चुकता. करंज्यांचं ताट घेऊन माझ्यासमोर आली तेव्हा म्हणाली, "लई ग्वाड झालं बाई." मला तेही माझं कौतुकच वाटलं.

त्यानंतर रविवारचं गाणंही स्वच्छ झालं. आता मी पेटीवर बसत होते. कुणी पुढं धावत नव्हतं, कुणी मागं रेंगाळत नव्हतं. सतरंजी एकदम शांत झाली. मी यांना म्हणाले, "बघितलंत? कशा शिस्तीत बसतात आता."

हे म्हणाले, "शिस्त आहे, का गप्प झाल्यात?"

गणिताच्या माणसाला गाण्यातलं काय कळतंय, असं म्हणून मी तो विषय सोडून दिला.

मला कळायला वर्ष लागलं. हंगामाच्या सणाचं प्रीतिभोजन होतं. त्या दिवशी खेड्यांतले लोक ज्वारीची कणसं, भोपळे, वांगी, मोसंब्या आणून वेदीपाशी ठेवायचे आणि मग सगळी मंडळी अंगणात एका पंगतीला जेवायची. त्याच्या आदल्या दिवशी पाळकीणबाई आणि मी तांदूळ निवडत बसलो होतो. पाळकीणबाई माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या, मला एकेरीतच बोलायच्या. बोलता बोलता म्हणाल्या, "पूर्वी सणाच्या गीताला सतरंजी अशी उठायची की काय सांगू! बाकांना ऐकू जायचं नाही स्वतःचं."

"आता का नाही उठत?"

"शब्द कोण देणार त्यांना?"

मला समजेना. त्यांनी सूप खाली ठेवलं. "अगं, त्या बायकांना वाचता येतं का? कुणाच्या हातात गीतांचं पुस्तक बघितलंस? मावशी अर्धी ओळ आधी म्हणायची ना, ती त्यांच्यासाठी. ती शब्द टाकायची आणि मागच्या उचलायच्या. पंचवीस वर्षं चाललं होतं तसं."

"पण मावशीला तरी कुठं वाचता येतं?"

"नाहीच येत. दर शनिवारी दुपारी माझ्याकडं यायची. उद्याची गीतं कुठली, ते विचारायची. मी वाचून दाखवायची आणि ती पाठ करायची, नवीन असेल तर दहा-दहा वेळा. आता येत नाही. मी विचारलं तर म्हणाली, आता काम न्हाई."

माझे कान तापले. आणि मला आला तो राग. "मला कुणी सांगितलं का नाही?"

पाळकीणबाई पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. "तू इतकी छान वाजवतेस," त्या म्हणाल्या. "लोकांना वाटलं, शिकलेल्यांच्यात असंच असेल."

मला सगळ्यात लाज वाटते ती यापुढच्या महिन्यांची. ओठ हलवा म्हणाले तेव्हा मला माहीत नव्हतं, असं म्हणता येईल. आता माहीत होतं. रविवारी पेटीवर बसलं की समोर सतरंजी दिसायची. तीस-चाळीस बायका, हात मांडीवर, तोंडं मिटलेली, आणि त्यांच्या पुढच्या ओळीत मावशी आवाज न काढता ओठ हलवणारी. आणि तरी मी काही बोलले नाही. मावशीला परत गायला सांगितलं असतं तर माझं गाणं बिघडलं असतं. एवढंच कारण. दुसरं काही शोधायला गेले तर सापडत नाही.

पुढच्या भाद्रपदात मला मुलगी झाली. बाळंतपण नीट झालं, पण घरी आल्यावर आठव्या दिवशी ताप चढला आणि उतरेना. विषमज्वर निघाला. डॉक्टरीणबाईंनी बाळाला अंगावर पाजायला मनाई केली. वडिलांना त्याच सुमारास अर्धांगाचा झटका आला होता, आई नगर सोडू शकत नव्हती. हे एकटे. एका हातात दुधाची बाटली आणि दुसऱ्या हातात शाळेची चावी घेऊन दारात उभे आहेत, हे मला तापातही दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आली. तिच्यामागं एक ठेंगणी बाई, कडेवर चारेक महिन्यांचं पोर. ती गँगमनची बायको होती. दोन वर्षं ती दर रविवारी माझ्यासमोर सतरंजीवर बसत होती आणि मी तिचं नावही कधी विचारलं नव्हतं.

"हिला दूध हाय," मावशीनं यांना सांगितलं. "चार खेपा येईन म्हन्ती."

ती रेल्वेलाईनच्या चाळीतून दिवसातून चार वेळा चालत यायची, दीड महिना. स्वतःचं पोर खाली निजवायची, माझ्या मुलीला पदराखाली घ्यायची, आणि पाजून झालं की माझ्याकडं बघून नुसती हसायची. कधी काही बोलली नाही. तिला माझी भीती वाटायची, हे मला मागाहून कळलं.

आणखीही बायका येत. कुणी भाताची पेज आणायचं. कुणी बाळाची दुपटी धुऊन टाकायचं. राजूरकडच्या एका म्हातारीनं गवती चहा आणि तुळशीची जुडी एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवली. शिंप्यानं उरलेल्या कापडांतून झबली शिवून आणली, एक बाही निळी आणि एक फुलाफुलांची. पाळकसाहेब आले, उशाशी उभं राहून दोन वाक्यांची प्रार्थना केली, मग टोपी खुंटीला अडकवून विहिरीवरून पाणी आणायला गेले. कुणी मला उपदेश केला नाही. देवानं परीक्षा पाहिली, धीर धर, असलं काही कुणी बोललं नाही. रविवारी उपासना सुटल्यावर सतरंजीवर बसूनच बायका त्या आठवड्याच्या पाळ्या ठरवायच्या. आमच्या घरी कोण, आणि त्याच आठवड्यात आणखी कुणाच्या घरी आजारपण असेल तर तिथं कोण. ही पद्धत माझ्यासाठी म्हणून काढलेली नव्हती. मी यायच्या कितीतरी आधीपासून चालू होती. लग्नानंतर भरलेला रांजणही तिच्यातलाच होता. मी त्या लोकांमध्ये दोन वर्षं राहिले आणि त्यांचे सूर मोजत बसले.

एका दुपारी ताप जरा कमी होता. मावशी आतल्या उंबऱ्याजवळ पाय पसरून बसली होती, पायांवर मुलगी, हाताला तेल. मुलगी रडत होती. हे शाळेतून जेवायला आले होते. म्हणाले, "मावशी, म्हणा की काहीतरी. तुमच्या आवाजानं गप्प बसेल."

"न्हाई सर," मावशी हळूच म्हणाली. "बाईच्या कानाला तरास व्हतो."

मी जागी आहे हे तिला माहीत नव्हतं. त्या बोलण्यात टोमणा नव्हता. डॉक्टरांनी पथ्य सांगावं तसं मी ते सांगितलं होतं आणि ती ते पाळत होती. मग ती मुलीवर वाकली आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवत, काहीतरी म्हणायला लागली. मुलगी रडायची थांबून तिच्या तोंडाकडं बघत राहिली.

मी भिंतीकडं कूस वळवली. हे म्हणाले, "काय गं, पाणी हवंय का?" मी नाही म्हणाले.

हिंडायफिरायला लागल्यावर मी पहिली गेले ती दवाखान्याच्या मागच्या अंगणात. मावशी चादरी वाळत घालत होती.

"मावशी, मी चुकले," मी म्हणाले.

"कशात?"

तिनं खरंच विचारलं होतं. मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, ओठ हलवा म्हणाले ते, कायमचं म्हणाले ते. भाकरीचंही सांगितलं. ती चादरीचं टोक हातात धरून ऐकत होती.

"त्येला लई दिस झाले," ती म्हणाली. "आन् तुमी काय खोटं बोलल्या का? आवाज फाटकाच हाय माझा."

"तुम्ही परत गा. पहिल्यासारखं. पेटीकडं बघूच नका."

"बरं. बघते."

त्या रविवारी मी पेटी अगदी हळू वाजवली. मावशीनं तोंड उघडलं. आवाज आला, पण बारीक, आणि सगळ्यांच्या मागून. माझ्या बोटांकडं बघत, विचारून विचारून पाऊल टाकावं तसा. सतरंजीवरच्या दोघी-तिघींनी माना वर केल्या. दुसऱ्या कडव्यात तो थांबला. उपासनेनंतर मी तिला गाठलं.

"न्हाई जमून राह्यलं, बाई," ती म्हणाली. "आदी गाताना म्या माझा आवाज ऐकतच न्हव्हते. आता ऐकू येतो."



पुढं एका रविवारी साक्ष द्यायच्या वेळी मी उठले. साक्ष म्हणजे देवानं आपलं काय भलं केलं ते मंडळीला सांगायचं. मी जे केलं होतं ते सांगितलं, मावशी समोर बसलेली असताना. सांगताना मला रडू आलं नाही. सांगून झाल्यावर कुणीतरी मला बोलेल अशी माझी अपेक्षा होती. खरं म्हणजे तशी इच्छाच होती. शिंपी मंडळीचा एक वडील होता, म्हणजे कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी एक. तो उठला आणि म्हणाला, "बाईंनी सांगितलं, आपण ऐकलं. आता गीत घेऊ या." आणि गीत झालं. बाहेर निघताना लोकांनी नेहमीसारखा सलाम केला, मुलीची चौकशी केली. त्यानंतर तो विषय माझ्यासमोर कुणी एकदाही काढला नाही. मला वाटतं, एकमेकांचं असं बरंच काही पोटात ठेवूनच ती माणसं दर रविवारी एका सतरंजीवर बसत होती.

पेटी मी एका तरुण नर्सकडं दिली. ती दोन बोटांनी वाजवायची. मी सतरंजीवर जाऊन मावशीशेजारी बसायला लागले आणि अर्धी ओळ आधी शब्द सांगायला लागले. मला वाटलं होतं, सोपं असेल. पहिल्याच दिवशी मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, लई जल्दी सोडता. धराया येत न्हाई." मग मी हळू सांगायला लागले तर सगळ्याच अडखळायला लागल्या. शेवटी मावशी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसायला लागली. शब्द टाकायची वेळ झाली की ती बोट दाबायची. तिनं दाबलं की मी म्हणायची. असं चार-पाच महिने चाललं तेव्हा मला थोडं जमायला लागलं. पाळकीणबाई म्हणायच्या तशी सतरंजी काही उठली नाही. पण दहातल्या तिघी-चौघी गायला लागल्या. गँगमनची बायको त्यांत होती. तिचा आवाज इतका मोठा असेल असं तिच्याकडं बघून कुणाला वाटलं नसतं.

मावशी मात्र देवळात पुन्हा गायली नाही. मी जालन्यात होते तोवर तरी नाही.

दशक संपता संपता यांची बदली झाली. निघायच्या दिवशी स्टेशनावर निम्मी मंडळी होती. शिदोरी इतकी की डब्यातल्या अनोळखी लोकांना वाटून संपवावी लागली. मावशी ड्यूटीवर होती. आदल्या दिवशीच येऊन मुलीच्या डोक्यावर हात ठेवून गेली होती. मी पाया पडायला वाकले तर मागं सरकली. "आमच्यात कुठं पाया पडत्यात?" म्हणाली, आणि हसली.

त्यानंतर दर नाताळला मी तिच्या नावानं पाळकीणबाईंच्या पत्त्यावर कार्ड टाकायची. पहिली दोन वर्षं टाकलं. तिसऱ्या वर्षी राहून गेलं, मग राहतच गेलं. नवं गाव, मलाही तिथं नोकरी लागली होती, मंडळी मोठी होती आणि तिथं मला पुन्हा पेटीवर बसवलं होतं.

मुलगी तिसरीत असताना एका शनिवारी पाळकीणबाईंचं पत्र आलं. मावशी गेली होती. अंथरूण धरून होती तीन आठवडे, मंडळीतल्या बायकांनी पाळ्या लावून केलं, काही कमी पडू दिलं नाही. मातीला दोन्ही सतरंज्या भरतील एवढी माणसं खेड्यांतून आली होती. सोमवारी देवळात तिच्या आठवणीची उपासना ठेवली आहे, जमलं तर या, असं शेवटी लिहिलं होतं.

पत्र वाचून हे चपला पायात सरकवत म्हणाले, "उद्या दुपारच्या गाडीनं निघू. मी रजा टाकतो."

मी पत्राची घडी घातली. तिथं गेले की त्या बायका मला मध्ये बसवणार, मुलीला जवळ घेणार, मावशी तुमची आठवण काढायची म्हणून सांगणार, आणि त्यांतली एकही मला दोष देणार नाही, हे मला दिसत होतं. ते सोसण्याची माझी तयारी नव्हती.

"सोमवारी पोरीची परीक्षा आहे," मी म्हणाले.

 हे बरं म्हणाले आणि चपला काढून ठेवल्या. सोमवारी मी मुलीला शाळेत सोडलं. तिचा त्या दिवशी चित्रकलेचा पेपर होता.